दोन अंगठ्यांचा दोर

बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत, गोदामांत, व्यंकटनं सत्तावीस वर्षं पोती उचलली. पण त्याचा मूळचा धंदा विहिरी खोदायचा. बिदरच्या आसपासच्या रानांत त्यानं आणि त्याचा धाकटा भाऊ नागेश यानं एकवीस विहिरी खणल्या. बाविसावी औरादच्या रस्त्याला, बंडेप्पाच्या रानात. ती नऊ परस खाली गेली होती. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस; विहिरीची खोली मोजायची ती अशीच. त्या विहिरीत नागेश पडून मेला. तो वीस वर्षांचा होता, व्यंकट अठ्ठावीसचा. साल एकोणीसशे एकोणनव्वद, एप्रिलची अठरा तारीख.

काय झालं ते व्यंकटनं पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं, पुढं बायकोला आणि त्याहून पुढं लेकीला. दोर तुटला. सगळ्यांनी ते मानलं, कारण दोर जुना होता, आणि जुना का होता तेही सगळ्यांना ठाऊक होतं. या लोकांच्या हातात एकदा दिलेला दोर बाटला म्हणून मालकाच्या घरात परत जात नसे. परत घ्यायचाच नाही म्हटल्यावर नवा कोण देणार? बंडेप्पानंही गोठ्यात टांगलेला अंबाडीचा जुना दोर काढून दिला होता.

दोर तुटला नव्हता. व्यंकटच्या हातून सुटला होता.

विहिरीच्या तोंडावर लाकडाची घोडी, घोडीला लोखंडी कप्पी, कप्पीवरून दोर, दोराच्या टोकाला फळी, फळीवर नागेश. वरचा जांभा दगड संपून खाली पांढरी माती लागली होती. ती पायानं ढासळे, म्हणून पायटे कोरून चढता येत नव्हतं. माणूस ओढूनच काढावा लागे. दगडाची टोपली एकानं ओढली तर चालते, माणूस ओढायचा तर दोघं. हा नियम व्यंकटनंच घालून दिला होता. त्या दिवशी दुसरा गडी तापानं घरी होता. खाली पाणी पाझरायला लागलं होतं, नागेश कमरेपर्यंत भिजला होता, ‘वर घे’ म्हणाला. व्यंकटनं एकट्यानं ओढायला घेतलं. दोन परस उरले असताना त्याची ताकद संपली. पाय घसरला नाही, कुणी हाक मारली नाही, डोळ्यांत माती गेली नाही. ताकद संपली, एवढंच.

नागेश ओरडलाही नाही. व्यंकटनं वाकून तीन हाका मारल्या. मग कप्पीजवळचा दोर एका दगडावर धरून दुसऱ्या दगडानं ठेचून ठेचून तोडला, टोकाचे धागे बोटांनी विसकटले, आणि मगच मोठ्यानं ओरडला. लांब लिंबाखाली बंडेप्पा बैल सोडत होता. तो पळत आला आणि त्यानं आधी दोराचं टोक बघितलं.

पुढच्या वर्षी अठरा एप्रिलला बंडेप्पा ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन नौबादला व्यंकटच्या घरी आला. उंबऱ्याशी ठेवलं आणि काही न बोलता गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आई शिव्या द्यायची आणि ज्वारी निवडायची. दहा वर्षं तो उंबऱ्याबाहेर उभा राहून गेला. अकराव्या वर्षी आत आला, पाणी मागितलं. नंतर चहाही घ्यायला लागला. आई गेली, बंडेप्पाचे केस पांढरे झाले, पोतं यायचं थांबलं नाही. व्यंकट दर वेळी पोतं उतरवून घ्यायला उठायचा आणि दर वेळी मनात म्हणायचा, आज सांगावं. मग त्याची बायको विमलबाई चहा आणायची आणि ती वेळ निघून जायची.

कोळारमध्ये त्याची एक खोड सगळ्यांना माहीत होती. कितीही हलकं पोतं असो, हात लावायच्या आधी तो विचारायचा, “दुसरा कोण?”

“व्यंकटमामा, जेवताना घास उचलायला पण दुसरा लागतो का ओ?” पोरं चेष्टा करायची.

तो हसायचा नाही. दुसरा माणूस येईपर्यंत पोत्याजवळ उभा राहायचा. मुकादम ओरडला तरी उभा राहायचा. त्यामुळं सत्तावीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या एकाही गड्याची कंबर मोडली नाही, आणि बढती त्याला कधी मिळाली नाही.

त्याची एकुलती एक लेक पंचशीला. कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठात राहून एम. ए. झाली, आता नौबादच्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेतून आली की जुन्या लॅपटॉपसमोर बसून कॉमिक काढायची. ती छापायची नसत, फोनवर उघडायची असत. एक होतं लोडशेडिंगचं: काळ्यावर काळी चित्रं, फोनचा उजेड पूर्ण वाढवल्याशिवाय काही दिसायचं नाही. दुसऱ्यात फोन तिरका केला की चित्रातलं पाणी एका घरातून दुसऱ्या घरात वाहत जायचं, आणि कुणाच्या दारापर्यंत ते पोचतच नाही हे आपोआप कळायचं.

विमलबाई म्हणायची, “लग्नाच्या वयाला पोरगी फोन वाकडा करत बसायलीय. शेजारची इचारतेत, फोन बिघडलाय का म्हणून.”

“माय, कागदावर वाचणारा नुसता बघतो,” पंचशीला म्हणायची. “फोनवर त्येचा हात लागलेला असतो. मग हाताला काम कामून न्हाई द्यायचं?”

हे वाक्य व्यंकटला पटलं. हाताला काम, ते त्याला कळत होतं.

म्हणून एके दिवशी तिनं वही घेऊन समोर बसून नागेशकाकाच्या विहिरीबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं नाही म्हटलं नाही. त्याला वाटलं, दोन-चार चित्रं काढेल आणि सोडेल. पण लेक बापावर गेली होती.

“अप्पा, एका ओढीला किती दोर यायचा?”

“हातभर.”

“नऊ परसाला किती ओढी?”

“परसाला पाच. पंचेचाळीस.”

“किती ओढी झाल्या व्हत्या?”

“पस्तीस.”

“एवढं ध्यानात हाय?”

“मोजतच ओढायचं असतं. न्हाईतर दम कुठं धरायचा ते कळत न्हाई.”

“आन् दुसरा गडी नव्हता.”

“नव्हता.”

तिनं लिहून घेतलं. मग दोराचा रंग, फळीची लांबी, किती परसावर जांभा संपतो, पांढरी माती ओली झाल्यावर कशी दिसते. चार महिने ती काढत होती. व्यंकट बाजेवर पडून तिच्याकडं बघत राहायचा. एक रेघ पन्नासदा पुसायची. त्याला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. एवढ्या मेहनतीच्या कामाचा पाया कच्चा आहे हे घरात एकट्या त्याला माहीत होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी तिनं फोन त्याच्या हातात दिला.

“पयलं तुमी ओढा.”

पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत दोर होता. एका अंगठ्यानं तो दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली ओढायचा. मग तो दाबून धरायचा आणि पहिल्यानं ओढायचं. हातावर हात, अगदी तसं. ओढलं की विहिरीची भिंत खाली सरकायची आणि नागेश हातभर वर यायचा. दोन्ही अंगठे एकदम उचलले की संपलं.

व्यंकटनं दोन्ही अंगठे टेकवले. दोर सरसर निसटला. पडदा काळा झाला आणि अक्षरं आली: तुमच्या हातून दोर सुटला.

त्यानं पुन्हा टेकवले, दाबून टेकवले. तेच. तिसऱ्यांदा तेच. तुमच्या हातून दोर सुटला.

त्यानं फोन मांडीवर ठेवला. “तुला कुणी सांगितलं?”

पंचशीला हसायला लागली. “कुणी सांगायला कशाला पायजे? तुमचा अंगठा फोनला कळंनाय. रेशनच्या दुकानात मशीनला तरी कुठं कळतंय? कातडं झालंय नुसतं.” ती आत जाऊन ओलं फडकं घेऊन आली आणि त्याचे अंगठे लहान लेकराचे पुसावेत तसे पुसून दिले. “आता बघा.”

आता दोर धरला गेला. व्यंकटनं ओढला. एक, दोन, तीन. पांढरी माती सरकली. दर पाच ओढींनी भिंतीत एक लहान कोनाडा यायचा आणि त्यात नागेश: चिंचेच्या झाडावर नागेश, शाळेच्या भिंतीला टेकून रडणारा नागेश, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरलेला नागेश. विसाव्या ओढीला जांभा लागला. व्यंकटचे ओठ हलत होते. तेहतीस, चौतीस, पस्तीस.

दोन्ही अंगठे काचेवर दाबलेले असताना दोर मधोमध तुटला. दोराचं वरचं टोक त्याच्या अंगठ्यांखाली तसंच राहिलं. खाली अक्षरं आली: दोर जुना होता.

“कसं वाटलं?” पंचशीलानं विचारलं.

“चांगलं काढलंयस,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “परत लाव.”

त्या दिवशी त्यानं तो चार वेळा ओढला. दुसऱ्या दिवशी फडकं स्वतःच ओलं करून घेतलं. याबद्दल त्यानं नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही, पण त्याला ते आवडलं होतं. पस्तीस वर्षं जे नुसतं तोंडानं बोलला ते आता हातांना भेटत होतं. अंगठे काचेवर असत, दोर तुटे, आणि दोष त्याचा नसे. आठवडाभर त्याला गाढ झोप लागली.

मार्चमध्ये पंचशीलानं ते सगळ्यांसाठी टाकलं. लातूर, उदगीर, पुणे, कुठून कुठून लोकांनी उघडलं. रोज संध्याकाळी ती भाकरी करणाऱ्या आईला आणि बाजेवरच्या बापाला आकडे सांगायची.

“अकरा हजार जणांनी दोर धरला. त्येतल्या नऊ हजारांनी मधीच सोडला.”

“कामं असतेत लोकांला,” विमलबाई म्हणाली.

“पस्तीस ओढी, माय! पस्तीस!”

शेवटापर्यंत पोचलेले लोक खाली लिहीत. ती वाचून दाखवायची. पहिल्या काहींनी नुसतं रडू आलं म्हणून लिहिलं. मग कुणीतरी लिहिलं, जुना दोर देणाऱ्याचं पुढं काय झालं? त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, काय होणार, मजेत असेल. मग तिसऱ्यानं एक शब्द लिहिला, खुनी. त्या शब्दाखाली सातशे लोकांनी अंगठा दिला.

चित्रात दोर देणारा मालक होता. नाव नव्हतं. पण पंचशीलानं लहानपणापासून दर एप्रिलला ज्या माणसाला दारात बघितलं होतं तोच काढला होता: कपाळाला विभूतीचे पट्टे, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, डावा खांदा किंचित खाली. औरादच्या रस्त्यावर त्याला कुणीही ओळखलं असतं.

“हे कामून काढलंस त्येंच्यासारखं?” व्यंकट म्हणाला.

“खरंच हाय की, अप्पा. तुमीच सांगितलंय. आन् ज्वारी देऊन फिटतंय व्हय?”

व्यंकट उठून बाहेर जाऊन बसला.

अठरा एप्रिलला बंडेप्पा आला. पंच्याहत्तरी गाठलेली, छातीचं दुखणं, तरी आला. पोतं या वेळी रिक्षावाल्यानं उतरवलं. तो आत येऊन खुर्चीवर बसला, दम घेतला आणि पंचशीलाकडं बघून म्हणाला, “पोरी, सुनंनं फोनवर दाखवलं मला. दात पण बरोबर काढलास की! माझ्या बायकोनं बघितला असता तर म्हणली असती, एवढं तर लग्नात पण निरखून बघितलं न्हाई कुणी.”

पंचशीलानं चहाची बशी त्याच्यापुढं केली.

“भिऊ नको. रागवायला न्हाई आलो. तिथं खाली लोकांनी लिवलंय, ते पण वाचून घेतलं.” त्यानं चहाची बशी खाली ठेवली. “ते पण बरोबर हाय. नव्या दोराला त्या वक्ताला पैसे व्हते माझ्याकडं. बिदरच्या बाजारात हातात धरून बघितला व्हता. परत घरात घ्यायचा न्हाई तर कशाला, म्हणून ठिवला. बरोबर लिवलंय लोकांनी.” मग व्यंकटकडं वळला. “कलबुर्गीला न्यायलेत मला पुढच्या महिन्यात. छाती उघडणार म्हणं. पुढल्या साली येणं व्हईल का न्हाई, सांगता येत न्हाई. व्हईल तर येतो.”

तो रिक्षात बसून गेला. व्यंकट पोत्याजवळ उभा राहिला. विमलबाईनं दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

दिवस मावळायच्या आत त्यानं पंचशीलाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. एकट्यानं ओढायला घेतल्याचं, ताकद संपल्याचं, दगडावर दोर ठेचल्याचं. विमलबाई चुलीपाशीच बसून राहिली. तिनं मान वर केली नाही.

पंचशीलानं विचारलं, “किती येळ लागला ठेचायला?”

“कशाला इचारतीस?”

“काका खाली पडला व्हता. तेवढा येळ तुमी दोर ठेचत बसला. किती येळ?”

“माहीत न्हाई,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काहीतरी मोजलं नव्हतं.

ती रडली नाही. तिचा राग वेगळा होता. “अकरा हजार लोकांच्या हातात मी खोटा दोर दिला, अप्पा. त्या म्हाताऱ्याला सातशे जणांनी खुनी केलं, ते माझ्या हातानं. चार महिने मी घासले. एकदा सांगता आलं न्हाई?” मग उठता उठता म्हणाली, “पयलं त्येंला जाऊन सांगा. तोवर मी ते काढून टाकते.”

दुसऱ्या दिवशी व्यंकट एस.टी.नं औरादच्या रस्त्याला उतरला. बंडेप्पा ओसरीत बाजेवर पडला होता. “बा, बा, कुंद्रु,” म्हणत त्यानं पाय आखडून जागा केली. व्यंकट जागेवर बसला नाही. उभ्यानंच सांगितलं. दोर तुटला नव्हता अण्णा. माझ्या हातून सुटला. मी ठेचून तोडला.

बंडेप्पानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. “इल्ला, न्हाई. कुणी सांगितलं तुला असं बोलायला? लेकीनं?”

“कुणी न्हाई. खरं हाय.”

“तू सोडशील? तू?” बंडेप्पा उठून बसला. “दोन माणसांचा दगड एकट्यानं उचलताना बघितलंय मी तुला. सख्ख्या भावाचा दोर तू सोडशील? मी मरायलोय म्हणून माझ्या डोक्यावरचं उतरवायला आलास व्हय?”

“न्हाई अण्णा...”

“गप. दोराचं टोक मी बघितलंय माझ्या डोळ्यानं. माझं हाय ते माझ्यापाशी राहू दे. पस्तीस वरसं मी त्येच्यावर जगलोय. दर साली पोतं भरताना त्या पोराचं तोंड दिसतंय मला. ते तू आता येऊन न्हाई म्हणतोस?” त्याला धाप लागली. आतून सून उमादेवी धावत आली आणि व्यंकटला म्हणाली, “मामा, त्येंला बोलायला लावू नका. डॉक्टरनं सांगितलंय.”

व्यंकट परत आला. घरी आल्यावर लेकीला म्हणाला, “इश्वास ठेवंना झालाय.”

“बोलण्यावर कशाला ठेवील?” ती म्हणाली. “बसा हितं.”

पुढचे सोळा दिवस दोघं एकत्र बसले. ती शाळेतून आली की लॅपटॉप उघडायची, तो शेजारी पाट घेऊन बसायचा. नव्या कॉमिकमध्ये दोर तुटणार नव्हता. जड होत जाणार होता. विसाव्या ओढीनंतर हातभराऐवजी वीतभर यायचा, मग चार बोटं. अंगठा जरा ढिला पडला की घसरायचा.

“अजून जड कर,” व्यंकट म्हणायचा.

“अप्पा, मग कुणालाच जमणार न्हाई.”

“एकट्याला जमायचंच न्हाई. तिसाव्या ओढीपासून हात थरथरतेत. ते कुठं हाय?”

तिनं दोर थरथरता केला. त्यानं ओढून बघितला, पुन्हा म्हणाला, अजून. दंडात गोळा येतो तो कसा दाखवायचा यावर दोन दिवस गेले. शेवटी तिनं पडद्याच्या कडा हळूहळू आत आणल्या. विहिरीचं तोंड लहान होत जावं तसं फक्त दोर आणि दोन अंगठे दिसायला लागले. ते त्याला पटलं. कितीही जोर लावला तरी पस्तिसाव्या ओढीला अंगठे सुटायचेच. आणि नंतर जी अक्षरं यायची ती व्यंकटनंच सांगितली: एकट्यानं ओढायचं नव्हतं.

तेराव्या दिवशी तो म्हणाला, “आन् दोघांनी ओढला तर?”

“म्हंजे?”

“दोन माणसांनी. तुझ्या फोनला चार अंगठे कळतेत का?”

“कळतेत.”

“मग चार लागले तर नागेश वर यायला पायजे. खरं हाय ते. दोघं असते तर आला असता.”

पंचशीलानं बापाकडं बघितलं. पण तो बरोबर बोलत होता. कामात जे खरं ते कामात यायला हवं. तिनं ते केलं. नागेश वर आल्यावरचं चित्र मात्र एकदाच काढलं आणि पुसलं नाही.

मेच्या सुरुवातीला, कलबुर्गीला जायच्या दोन दिवस आधी, बापलेक बंडेप्पाकडं गेले. ओसरीत ऊन आलं होतं. बंडेप्पानं तोंड फिरवलं.

“परत तेच बोलणार असशील तर जा.”

“बोलत न्हाई,” व्यंकट म्हणाला. “एकदा ओढून बघा. मग जातो.”

पंचशीलानं ओलं फडकं आणलंच होतं. शेतकऱ्याचे अंगठेही फोनला कळत नव्हते. बंडेप्पानं कुरकुरत दोर धरला. पहिल्या दहा ओढी तो सहज ओढत गेला, झेंडा धरलेला नागेश आला तेव्हा जरा थांबला, परत ओढला. विसाव्यानंतर त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. “ह्ये सरकंनाय.”

“ओढा, अण्णा.”

तिसाव्याला त्याची बोटं पांढरी झाली. पडद्याच्या कडा आत आल्या. तो दात आवळून वाकला होता, सगळा जोर त्या दोन काळ्या अंगठ्यांत. पस्तिसाव्याला दोर घसरला. अक्षरं आली. त्यानं ती सावकाश वाचली. कानडीत काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, “परत.”

दुसऱ्यांदाही सुटला.

“एकट्यानं व्हत न्हाई,” बंडेप्पा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. तो व्यंकटच्या हातांकडं बघत होता. व्यंकटनं सांगितलेलं त्यानं आता खरं मानलं, हे ओसरीतल्या तिघांनाही कळलं.

“आजोबा, दोघांनी धरला तर येतोय,” पंचशीला म्हणाली.

व्यंकट बाजेवर टेकला. त्यानं आपले अंगठे पुसले आणि बंडेप्पाच्या अंगठ्यांशेजारी त्याच दोरावर टेकवले. चारही अंगठे काचेवर दाटीवाटीनं बसले. दोर हलका झाला. एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. दोन ओढींत दोघांची लय जमली. व्यंकट मोजत होता. पस्तीस गेले. छत्तीस, सदतीस. चाळीस. पंचेचाळिसाव्याला नागेश विहिरीच्या तोंडाशी आला, काठाला हात घातला, वर चढला, आणि काठावर बसून ओलं बनियन पिळायला लागला.

बंडेप्पा त्या चित्राकडं बघत राहिला. नंतर त्यानं विचारलं, “मी लिंबाखालीच व्हतो. हाक कामून न्हाई मारलीस?”

व्यंकटनं याचा विचार केला होता. पस्तीस वर्षं केला होता, पण कुणाला उत्तर द्यावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. “कशी मारणार, अण्णा?” तो म्हणाला. “दोर आमच्या हातातला व्हता.”

उमादेवी दारात चहा घेऊन उभी होती. ती तिथंच थांबली.

“मारली असतीस तर आलो असतो,” बंडेप्पा म्हणाला.

“आला असता?”

व्यंकटनं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बंडेप्पानं तोंड उघडलं. त्याला लगेच व्हय म्हणता आलं असतं. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता, आणि चाळीस वर्षांचा बंडेप्पा कसा होता हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो आठवत राहिला. त्याचा हात बाजेच्या काठावर होता, बोटं हलत होती.

फोनवर नागेश बनियन पिळत होता. पंचशीलानं तेवढंच हलतं काढलं होतं: पिळायचा, झटकायचा, परत पिळायचा. थोड्या वेळानं उजेड कमी झाला आणि फोन विझला. तो कुणी परत लावला नाही.